काष्टीचं गिऱ्हाईक मी आणलं नव्हतं, वहिनी

वहिनी,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. भेटायला येणारी माणसं अजूनही आधी तुमच्या कुंड्यांकडे बघतात आणि मग तुमच्या फोटोकडे. काल मागच्या गल्लीतल्या काकू आल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "फार वाईट झालं हो." आणि त्याच श्वासात, "तो पिवळ्या जास्वंदाचा एक फाटा नेऊ का? देते म्हणाल्या होत्या." तुम्ही असं काही म्हणाला नव्हता याची मला खात्री आहे. पण तुम्ही असतात तर दोन फाटे दिले असते, ते लावायचे कसे यावर वीस मिनिटं बोलला असता आणि काकू घरी पोचेपर्यंत त्यांच्या गच्चीवर एक बाग मंजूर झालेली असती. मी नुसताच फाटा दिला. तेवढीच माझी पोच.

तुमचं माहेर, शिक्षण, नातेवाइकांची यादी, सगळं दादानं पेपरात दिलं आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ आणि तुमचा नवरा. हे तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. बागांच्या धंद्यात तो कायम प्रेक्षकांत बसला, त्यामुळे त्याच्या मजकुरात तुमची वीस वर्षं "त्यांना झाडांची आवड होती" एवढ्यात उरकली आहेत. बरंच झालं. मला जागा उरली.

मला तुम्हाला एक कबुली द्यायची आहे. ती काष्टीच्या कामाबद्दल आहे. तुम्ही असताना ती द्यायची तयारी मी तीनदा केली होती आणि तिन्ही वेळा तुम्ही माझ्या हातात चहा दिलात. दुसऱ्याचा चहा पिताना मला खरं बोलता येत नाही. आता चहा नाही, तेव्हा बोलतो. पण आधी सतरंजी घालू द्या. एकदम मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय?

तर, काही वर्षांपूर्वीची ती मंदी. कंपन्यांमध्ये मंदी आली की आधी मीटिंगमधली बिस्किटं बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी बाग. एमआयडीसीतल्या दोन कंपन्यांनी एकाच आठवड्यात आपलं काम थांबवलं. सावेडीकडची बंगल्यांची स्कीम पायाच्या खड्ड्यातच बसून राहिली. मंगल कार्यालयवाले म्हणाले, लोक येतात पण हिरवळीवर फोटो कोण काढतंय, आता पडदे लावतात. मी दौंड रस्त्याच्या आपल्या नर्सरीत डोक्याला हात लावून बसलो होतो आणि तुम्ही पेंटरला घेऊन आलात.

"बोर्ड रंगवायला हीच वेळ," तुम्ही म्हणालात. "पेंटर मोकळे आहेत."

आधी बोर्डावर नुसतं 'नर्सरी' होतं. आता 'बागा, लॉन, रॉक गार्डन, कारंजी' असं आलं.

"वहिनी, कारंजी? आपण आजवर एकही कारंजं केलेलं नाही."

"म्हणून तर लिहायचं, भावजी. केली असती तर लोकांना माहीतच असतं."

मी पेंटरची शिडी धरायला गेलो. 

तुमचा आशावाद हा साधा नव्हता, त्याला नियम होते. पहिला नियम, फोनवर कधीही रिकामं दिसायचं नाही. म्हणून भिंगारच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा तुम्ही रिकाम्या नर्सरीत, रिकाम्या डायरीची पानं कानाशी फडफडवत म्हणालात, "या आठवड्यात तर शक्यच नाही हो, पुढच्या महिन्यात बघू." त्या बाईंनी पुढच्या महिन्याची वाट न बघता दुसऱ्याकडून बाग करून घेतली. पाच महिन्यांत आलेला तो एकच फोन होता. मी म्हटलं, "वहिनी, आपण गिऱ्हाईक हाकललं." तुम्ही म्हणालात, "पण ती चार जणींना सांगेल, त्या नर्सरीवाल्यांकडे फार गर्दी असते." दुसरा नियम, मेलेल्या झाडाला मेलेलं म्हणायचं नाही. ते झोपलेलं असतं. नर्सरीच्या कोपऱ्यातला तो बॉटल पाम दोन वर्षं झोपला होता. तुम्ही दर आठवड्याला त्याच्या सालीवर नख मारायचात आणि म्हणायचात, "आतून हिरवा आहे." मीही नख मारून बघितलं होतं. आतून तो माझ्या चपलेच्या रंगाचा होता.

हे सगळं मी हसत हसत सहन केलं असतं. पण आपल्याकडे टोळी होती.

गयाबाई आणि तिच्या आठ जणी. सगळ्या खर्ड्याकडच्या. त्या आपल्याकडे यायच्या आधी दर दसऱ्यानंतर नवऱ्यासोबत ऊस तोडायला जायच्या आणि उन्हाळ्यात परत यायच्या. तुम्ही त्यांना नगरात आणलंत, त्यांच्या नवऱ्यांना मार्केट यार्डात आणि कुठे कुठे चिकटवलंत आणि सात वर्षं खपून त्यांना बाग शिकवलीत. लॉनची मुळं बोटाच्या अंतरानं कशी खोचायची, पाणी कुठे थांबेल ते नुसत्या नजरेनं कसं ओळखायचं. गयाबाई तर उकिडवी बसून एक डोळा मिटायची आणि सांगायची, "हितं दोन बोटं खड्डा हाय." आम्ही पातळी मोजायचा पाण्याचा पाइप लावून बघायचो. दोन बोटं खड्डा असायचा.

मंदीत या नऊ जणींना काम नव्हतं आणि गणपती उठले होते. उसाच्या टोळ्या जमवणारे गावोगाव फिरायला लागले होते. त्या एकदा उसाला गेल्या की पुन्हा येणार नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं. मला मात्र वाटायचं, गेल्या तर गेल्या, मंदी सरली की बोलावू.

"वहिनी, झाडं सांभाळू. माणसं परत मिळतात."

"उलट आहे, भावजी. झाड मेलं तर मी दुसरं लावते. गयाबाईचा डोळा कुठल्या पिशवीत उगवतो?"

हा आपला वाद. तो मंदीत सुरू झाला आणि तुम्ही गेलात तेव्हाही अर्धाच होता.

तुमचा तोडगा मात्र असा होता की नगर जिल्ह्यात आजवर कुणी ऐकला नसेल. आपल्या शेजारी तो पुण्याच्या मालकाचा मोकळा प्लॉट होता. तुम्ही ठरवलंत की दर सोमवारी टोळीनं तिथे बाग आखायची. खरी नाही. दोरी, खुंट्या आणि मैदानावर रेघा मारतात ती पांढरी फक्की. इथे वाट, इथे लॉन, इथे फुलांचा वाफा. आखायची, बघायची, पुसायची आणि पुढच्या सोमवारी नवी.

"कुणाची बाग?" मी विचारलं.

"आली नाही अजून. पण आली की हात आखडलेले नकोत."

आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाईक मी! वहिनी, खरं सांगतो, मंदीच्या त्या महिन्यांत मी जेवढा सुखात होतो तेवढा नंतर कधी नव्हतो. गॅदरिंगच्या नाटकानंतर तीस वर्षांनी मला कुणी भूमिका दिली होती. पहिल्या सोमवारी मी बिल्डर झालो. गॉगल लावला आणि प्रत्येक वाक्याला "बजेटचं टेन्शन घेऊ नका" म्हणालो. दुसऱ्या सोमवारी मी अशी सासू झालो जिला तुळशीशिवाय काहीच नको होतं. गयाबाईनं मला असं समजावलं की मी खरोखर मोगरा घ्यायला तयार झालो. तिसऱ्या सोमवारी मी माझ्या दोस्ताला, निवृत्त एसटी कंडक्टरला, पाहुणा कलाकार म्हणून आणलं. तो आमदार झाला. बायकांनी त्यालाही लोळवलं. टोळी रंगात आली होती. दर सोमवारी आता कोण येणार म्हणून नऊ जणी वेळेआधी हजर असायच्या.

आणि याच दिवसांत, वहिनी, मी तो फोन केला.

घाबरलो होतो. दिवाळीनंतर काय, हे मला दिसत नव्हतं. दौंड रस्त्यावरच्या एका चहावाल्यानं नंबर दिला. काष्टीचे पोपटराव, दोन ट्रॅक्टर, कारखान्याला ऊसतोडीच्या टोळ्या पुरवतात. चहावाल्याच्याच फोनवरून बोललो, माझं नाव सांगितलं नाही. म्हटलं, "नवरा-बायकोच्या नऊ जोड्या आहेत. सोमवारी या, गयाबाईला भेटा." सोमवार अशासाठी की त्या सोमवारी तुम्ही बहिणीकडे संगमनेरला जाणार होतात. मी ठरवलं होतं, तुम्ही परत याल तेव्हा सगळं ठरलेलं असेल, आणि मी उदास चेहरा करून म्हणेन, "काय करणार, त्यांचं त्यांनीच ठरवलं." तो उदास चेहराही मी आरशात बसवून ठेवला होता.

सोमवारी सकाळी नर्सरीत आलो तर तुम्ही! हातात फक्कीची बादली.

"संगमनेर?"

"पुढच्या आठवड्यात. आज तुमचा हेडमास्तर आहे ना? तो चुकवायचा नव्हता मला."

मी काय करणार होतो? काळी टोपी घातली, काठी घेतली, उपरणं टाकलं आणि हेडमास्तर झालो. लॉनऐवजी कवायतीची जागा हवी म्हणून अडून बसलो. पण माझे दोन्ही कान रस्त्याकडे होते. साडेदहाला ट्रॅक्टरचा आवाज आला.

पोपटराव उतरले. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट आणि अशी मिशी की ती आधी उतरली आणि मग ते. प्लॉटच्या कडेला उभे राहून म्हणाले, "गयाबाई कोन? मला आज याया सांगितलं हुतं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. वहिनी, इतक्या कौतुकाची नजर माझ्या लग्नातही माझ्या बायकोनं टाकली नव्हती. तुम्ही हळूच म्हणालात, "भावजी! ट्रॅक्टरसकट आणलात?"

मी टोपी सारखी केली.

"मी गयाबाई," गयाबाई कमरेला पदर खोचत पुढे आली. "बोला, पाव्हणं."

"दिवाळीच्या फुडं नऊ जोड्या पायजेत. ऊसतोडीला."

सगळ्या बायका टाळ्या पिटून हसल्या. तुम्हीही. "उसाचं गिऱ्हाईक!" तुम्ही मला म्हणालात. "फारच अवघड आणलंत हो. आता ही याला बाग कशी विकते ते बघा."

पोपटराव गोंधळले. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, ह्या हसत्यात का? आन तुमचा आवाज मी कुठं ऐकलाय का?"

उतरता उतरता माझा कवायतीचा हट्ट त्यांच्या कानावर पडला असणार, आणि आता बोलणं भाग होतं. फोनवरचा आवाज लपवायला मी नाकातून, किनऱ्या सुरात म्हणालो, "विद्यार्थी असाल." आणि छत्तीस वर्षांच्या मास्तरकीचं वजन टाकून खोकलो.

"आमच्या साळंत मास्तरच नव्हतं," पोपटराव म्हणाले, पण त्यांनी वाकून नमस्कार केला.

तोवर गयाबाईनं ताबा घेतला होता. "पाव्हणं, घर कुठं?"

"काष्टीला."

"नवं दिसतंय. अंगावरचा शर्टच सांगतोय."

"व्हय, औंदाच बांधलं," पोपटराव फुलले. "दोन मजली हाय."

"आन म्होरं काय हाय?"

"म्होरं? म्होरं ट्रॅक्टर हाय."

"अगं बाई!" गयाबाईनं तोंडाला पदर लावला. "दोन मजली बंगला आन दारात ट्रॅक्टर? मंडळी काय म्हनत्यात?"

पोपटराव पहिल्यांदा अडखळले. "मंडळी म्हनती, कायतरी हिरवं पायजे."

"ए, दोरी घ्या गं!"

वहिनी, पुढचा अर्धा तास मी काठीवर रेलून बघत होतो आणि माझा विश्वास बसत नव्हता. बायकांनी पोपटरावांचा बंगला जमिनीवर उतरवला. फक्कीनं पायरी काढली, फाटक काढलं, फाटकापासून दारापर्यंत वळणाची वाट काढली. एकीनं मातीत काडी खोचून सांगितलं, हा तुमचा चाफा. पोपटराव आधी कडेला उभे होते, मग आत आले, मग फाटकातून आत आले! जिथे नुसती रेघ होती तिथे थांबून त्यांनी फाटक ढकलल्यासारखं केलं. वाट सोडून लॉनवर पाय पडायला आला तेव्हा त्यांनी पॅन्ट वर धरून उडी मारली. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "काय नट आहे हो!"

मग त्या नटानं खिशातून फोन काढला आणि घरी लावला. "अगं, हितं दौंड रस्त्याला हाय मी. चाफा पांढरा पायजे का लाल?"

तेव्हा तुमचा चेहरा बदलला. तुम्ही हळूच माझ्याकडे वळलात. "भावजी, हे खरं गिऱ्हाईक आहे?"

मी म्हणालो, "हो."

हीच ती कबुली, वहिनी. एका अक्षराची. ते खरं गिऱ्हाईक नव्हतं. तो टोळी न्यायला आलेला माणूस होता आणि त्याला मी बोलावलं होतं.

तुम्ही मात्र त्या एका अक्षरावर तीन मजले चढवलेत. भावजींनी टोळीची परीक्षा घ्यायची म्हणून खरंखुरं गिऱ्हाईक शोधलं, त्याला उसाची गोष्ट बोलायला शिकवली, तोंडावरची रेषसुद्धा हलू दिली नाही! हे तुम्ही दादाला सांगितलंत, माझ्या बायकोला सांगितलंत, बियाणांच्या दुकानात सांगितलंत. पोपटरावांनी फोनवरचा आवाज ओळखून काही बोलू नये म्हणून मी काष्टीच्या कामावर पंधरा दिवस उपरणं घालून आणि नाकातून बोलत काढले. तुम्हाला वाटलं, भावजी भूमिकेत रंगलेत. त्या कामावरून पोपटरावांच्या साडूचं काम आलं, साडूवरून श्रीगोंद्याच्या एका शाळेचं, आणि दिवाळी कधी गेली ते कळलंच नाही. त्या वर्षी टोळी उसाला गेली नाही.

आणि मग तुम्ही माझा सत्कार केलात. नर्सरीत, बॉटल पामच्या साक्षीनं, शाल आणि नारळ. तुम्ही भाषणात म्हणालात, "मंदीत सगळे खाली बघत होते, एकटे भावजी गिऱ्हाईक बघत होते." टाळ्या वाजल्या. मी शाल खांद्यावर घेऊन उभा होतो. भर दुपारी लोकरी शाल, पण घाम तिचा नव्हता.

खरं का नाही सांगितलं? लाज वाटली, हे एक. दुसरं, तुमचा माझ्यावरचा तो विश्वास मला आवडायला लागला होता. त्यानंतर मी खरोखर गिऱ्हाइकं शोधायला लागलो, वहिनी. शाल फुकट मिळाली होती, ती हळूहळू फेडत होतो. पण टोळीचा वाद निघाला की मी अजूनही म्हणायचो, मंदी पुन्हा आली तर बघू. आणि मंदी पुन्हा आलीच.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी तुम्ही आधी नर्सला सांगितलंत की खिडकीतल्या मनी प्लांटला पाणी जास्त होतंय. मग मला म्हणालात, "भावजी, टोळी मोडायची नाही. कबूल करा."

मी म्हणालो, "आधी बऱ्या व्हा, मग भांडू."

एवढंच. 'हो' म्हणायचं होतं. आयुष्यात चुकीच्या जागी एकदा म्हटलं आणि बरोबर जागी म्हटलं नाही.

दहाव्याला नदीवर मी तयारीनं गेलो होतो. कावळा शिवला नाही की कुणीतरी पुढे होऊन मेलेल्या माणसाला वचन देतं, हे मी लहानपणापासून बघत आलोय. तुमचा कावळा तासभर तरी थांबणार, सगळे माझ्याकडे बघणार, मग मी पुढे होणार, हात जोडणार, आवाज थोडा कापणार आणि मी म्हणणार, "वहिनी, टोळी मोडणार नाही." वाक्य पाठ होतं. दादानं पिंड ठेवला, मागे सरकायला वळला आणि कावळा आला! एक नाही, तीन. दादाचा पाय अजून उचललेलाच होता. भटजी म्हणाले, "काहीही इच्छा राहिली नव्हती बाईंची. भाग्यवान." मी तोंड उघडं ठेवून उभा. तिथेही तुम्ही चांगलंच होईल असं धरून चाललात आणि माझ्या वचनाची वाटसुद्धा बघितली नाहीत. मला रागच आला तुमचा. मग तिथेच नदीकाठी मला जे रडू आलं ते आवरेना. दादानं मला धरलं. धरणारा तो आणि बायको त्याची गेलेली.

परत येताना गयाबाई माझ्या बाजूला चालत होती. मी तिला म्हणालो, "गयाबाई, तो काष्टीचा पोपटराव त्या वेळी तुम्हाला न्यायला आला होता. मीच बोलावला होता."

"ठाव हाय," ती म्हणाली.

मी थांबलो. "केव्हापासून?"

"त्यो ट्रॅक्टरवरनं उतरला तवापासून. त्याच्या भावाच्या टोळीत तीन वर्सं ऊस तोडलाय म्या. त्यानं वळखलं न्हाई, तोडणाऱ्याचं तोंड कोन बघतं? आन तुमी पडलात पांढरंफटक. टोपीखालनं घाम गळत हुता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? मला ऊस नको हुता." ती दोन पावलं चालली. "बाकीच्या हसल्या त्या खऱ्याच. म्या हसले ती भ्यालेली."

"आणि वहिनींना?"

"न्हाई सांगितलं. लई खुशीत हुत्या."

तर वहिनी, त्या दिवशी त्या प्लॉटवर एकच खरा नट होता आणि तो मी नव्हतो. मी घरी आल्यावर शाल घडी करून गयाबाईकडे नेऊन दिली. तिनं ती उलगडून बघितली, म्हणाली, "कसर लागलीय," आणि ठेवून घेतली.

आता कालची गोष्ट. परवा कंपनीनं पुन्हा बाग थांबवली. दादाला विचारलं, काय करू? दादा म्हणाला, "तुझं तू ठरव, मला फक्त तिच्या कुंड्या हव्यात." गणपती उठलेत. आणि काल सकाळी पोपटरावांचा फोन आला. आधी त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं आणि ते खरंच गहिवरले. मग म्हणाले, "मास्तर," ते मला अजून मास्तरच म्हणतात, "आता बाई न्हाईत. टोळीचं काय करनार? मोकळी आसंल तर औंदा मला माणसं कमी हायेत."

मी माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणालो, "टोळी मोकळी नाही, पोपटराव."

"काम हाय व्हय?"

"काम नाही. पण मोकळी नाही."

 मग ते म्हणाले, "तुमचा आवाज बदलला का हो मास्तर?" आणि लगेच, "बरं, मग आसं करा, त्यो चाफा लई वाढलाय. वरच्या खिडकीत शिरतोय. एक बाई लावून द्या, छाटून जाईल."

एक बाई. मी गयाबाईला सांगितलं. आज सकाळी टेम्पोपाशी गेलो तर नऊच्या नऊ बसलेल्या. मी म्हटलं, "अगं, एक फांदी आहे." कुणी उतरलं नाही. तर तुमचा हा दीर, नऊ बायका, चार कातरी, दोन शिड्या आणि फक्कीची बादली, असे आम्ही एका चाफ्यासाठी काष्टीला गेलो. पोपटरावांच्या मंडळींनी आम्हाला फाटकात बघितलं आणि त्या आधी चहाचं पातेलं बदलायला आत पळाल्या.

चाफा वीस मिनिटांत झाला. वहिनी, छान वाढलाय. लॉन थोडं पिवळं आहे, पण तुम्ही असतात तर झोपलंय म्हणाला असता, म्हणून मी काही बोललो नाही. चहा यायचा होता. बायका सावलीला बसल्या आणि गयाबाई मात्र शेजारच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. शेजारी नवं घर झालंय. दारात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि उघडी जमीन. ती तिथे उकिडवी बसली, एक डोळा मिटला.

आतून घराचा मालक आला. तरणा माणूस, कपाळाला आठ्या. "काय वो, काय बघताय?"

"तुमच्या दारात पानी थांबनार," गयाबाई म्हणाली. "पायरीपाशी. पावसाळ्यात घरात येईल."

"तुमी कोन?"

"आमी बागा करतो. नगरच्या हाय."

"तुमचं मालक कोन?"

गयाबाईनं मागे न बघता अंगठा माझ्या दिशेला केला. "ह्ये काय, आमचं मालक."

मी वळून मागे बघितलं, तुम्ही आलात की काय म्हणून. मागे टेम्पो होता. तो माणूस माझ्याकडे बघत उभा होता, नऊ बायका माझ्याकडे बघत होत्या. मी टेप काढला आणि कुंपण ओलांडलं.